कड विरघळू द्यावी
चित्रकार सर, लेखात तुम्ही म्हटलंय की जलरंगात आधी आभाळ करावं आणि उजेडासाठी कागद कोराच सोडावा. अगदी पटलं! मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडचा. जुलैत कणकुंबीला, मलप्रभेच्या उगमापाशी बसलं की दमट हवेत कागद वाळतच नाही. दिलेला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, पसरत जातो, डोंगराची कड आभाळात विरघळते. पूर्वी फार चिडायचो, आता तीच कड धुकं म्हणून ठेवतो. येळ्ळूरच्या राजहंसगडावर मार्चमध्ये उलटं, ब्रश उचलेपर्यंत रंग सुकलेला. तिथे कागद दोन्ही बाजूंनी भिजवूनच बसतो. आमच्या जांभ्याची तांबडी माती मात्र नुसत्या बर्न्ट सिएनाने (तांबूस तपकिरी रंगाने) कधी जमली नाही. किंचित अलिझरिन (गडद लाल) घातल्यावर जवळ आली. सर, पावसात भिजलेली तांबडी माती तुम्ही कशी करता?