जिवंत उंदराशिवाय साप शिकार विसरतो?

साप पाळणाऱ्यांमध्ये एक मेसेज सारखा फिरत असतो: ‘सापाला जिवंत उंदीरच द्या. मारून गोठवलेला उंदीर खाऊन त्याची शिकारी वृत्ती मरते. निसर्गात तो असंच खातो, मेलेल्याला तोंड लावत नाही.’ (इथे बोलतोय ते बॉल पायथन या आफ्रिकेतल्या छोट्या अजगरासारख्या परदेशी सापांबद्दल. नाग, धामण, आपला अजगर घरात ठेवायला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदीच आहे.)

आधी शिकारी वृत्तीचं. स्कॉट बोबॅक आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली अमेरिकेत बोआ या विळखा घालून शिकार मारणाऱ्या सापांना मेलेले, पण गरम केलेले उंदीर दिले. उंदरांच्या आत कृत्रिम हृदय बसवलेलं होतं. सापांनी झडप घातली, विळखा आवळला. हृदय धडधडत असलं की जास्त वेळ आवळत राहिले, ते बंद केल्यावर थोड्याच वेळात सोडून दिलं. आणि ज्यांनी जन्मात जिवंत शिकार केली नव्हती, त्या सापांनीही धडधडीला प्रतिसाद दिला. मग गोठवलेला उंदीर खाऊन नेमकं मरतं काय?

‘निसर्गात असंच’ हेही खरं नाही. रानात बॉल पायथन दबा धरून बसतो आणि उंदराला कळायच्या आत झडपतो. काचपेटीत उंदराला पळायला वाट नसते. साप कातीवर आला असेल, भूक नसेल, पेटी गार पडली असेल, तर तो ढिम्म हलत नाही, आणि मग उंदीरच त्याला कुरतडू लागतो. उंदीर रात्रभर आत राहिला की सकाळी पाठीचं मांस मणक्यापर्यंत खाल्लेला साप सापडू शकतो. डोळेही जातात. शिवाय कोपऱ्यात थरथरणारा तो उंदीरही जीवच आहे. टाळता येण्याजोगी भीती त्याच्या वाट्याला का यावी?

मेलेलं खात नाही? बहुतेक वेळा त्याला अडतं ते उंदीर थंड असल्यामुळे. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात. उंदीर रात्रभर फ्रिजमध्ये वितळू द्या, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवा. अंगाला हात लावल्यावर जिवंत उंदराइतका ऊबदार लागला पाहिजे. मायक्रोवेव्ह नको, उंदराचं पोट फुटतं. संध्याकाळी लांब चिमट्याने धरून हलकेच हलवा. गोठवल्याने बरेच परजीवी मरतात, साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जंतू मात्र मरत नाही. म्हणून भांडं स्वयंपाकाचं नको आणि हात साबणाने धुवा.

काही हट्टी पिल्लं सुरुवातीला खरंच फक्त जिवंत घेतात. त्यांना डोळे न उघडलेलं उंदराचं पिल्लू द्यावं लागतं, ते चावू शकत नाही. तिथून ताजं मारलेलं, मग गोठवलेलं, असं हळूहळू वळवता येतं. मोठ्या बॉल पायथनने दोन-तीनदा तोंड फिरवलं म्हणून घाबरून जिवंत उंदीर आणू नका, तो महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो. पेटीचं तापमान तपासा, दर आठवड्याला वजन करा. वजन उतरायला लागलं, तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या.