कॅल्शियम पेशीच्या आतही काम करते : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

व्हॉन विलेब्रँड फॅक्टर हे रक्तस्राव थांबवायला मदत करणारे प्रथिन पेशीतून बाहेर पडायला पेशीच्या आतील कॅल्शियम लागते, असे मी एका लेखात लिहिले होते. त्यावर आपण लिहिले आहे : "कॅल्शियम हा चौथा क्लॉटिंग फॅक्टर (रक्त गोठवणारा घटक) आहे, त्याचे काम पेशीबाहेर, रक्तद्रवात चालते. बारावीच्या मुलालाही हे ठाऊक असते. आधी वाचा, मग लिहा." मतभेदाचे मला वाईट वाटत नाही, 'आधी वाचा' या शब्दांचे वाटले.

नागपूरच्या धंतोलीतील एका लॅबमध्ये मी 24 वर्षे रक्त गोठण्याच्याच चाचण्या केल्या. निळ्या टोपणाच्या बल्बात (रक्त घेण्याच्या नळीत) एक भाग सायट्रेट आणि नऊ भाग रक्त असते. सायट्रेट कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून ते रक्त गोठत नाही. एपीटीटी ही रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी करताना 37 अंशांच्या वॉटर बाथमध्ये त्याच रक्ताच्या प्लाझ्मात, म्हणजे रक्तद्रवात, कॅल्शियम क्लोराईड घालायचे, स्टॉपवॉच सुरू करायचे आणि नळी दिव्यासमोर तिरपी करत फायब्रिनचा, म्हणजे गुठळी विणणाऱ्या प्रथिनाचा, पहिला धागा दिसण्याची वाट पाहायची. पेशीबाहेरचे कॅल्शियम मला इतरांनी समजावून सांगावे, अशी वेळ आलेली नाही.

माझा लेख पेशीच्या आतील कॅल्शियमविषयी होता. रक्तवाहिनीच्या अस्तरातील पेशींमध्ये व्हॉन विलेब्रँड फॅक्टर लांबट, विडीसारख्या कणांत गुंडाळून साठवलेला असतो. वायबेल आणि पॅलेड यांनी 1964 मध्ये या कणांचे वर्णन केले. पेशी शांत असताना तिच्या द्रवातील मुक्त कॅल्शियम बाहेरच्या रक्तातील कॅल्शियमच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतके असते. रक्त गोठवणारे थ्रॉम्बिन किंवा हिस्टामीन पेशीवरील ग्राहकाला (रिसेप्टरला) भिडले की आतील साठ्यातून कॅल्शियम सुटते, पाठोपाठ बाहेरचेही आत येते, कण पेशीच्या पडद्याशी एकजीव होतात आणि त्यातील प्रथिन लांब दोऱ्यांसारखे रक्तात उलगडते. पेशीतील हे कॅल्शियम रसायनाने बांधून टाकले, तर थ्रॉम्बिन असूनही हे स्रवण दबते. ते थ्रॉम्बिन तयार होण्यासाठी मात्र आपले पेशीबाहेरचे कॅल्शियमच लागते. दोन्ही कामे एकाच साखळीतील असताना 'पेशीबाहेरच' हा आग्रह कशासाठी?

एक चूक मान्य करतो. व्हॉन विलेब्रँड फॅक्टर क्लॉटिंग फॅक्टरांच्या रोमन आकड्यांच्या यादीत येत नाही. तो प्लेटलेट चिकटवतो आणि आठव्या फॅक्टरला सांभाळतो. त्याला सरसकट 'क्लॉटिंग फॅक्टर' म्हणणे ढोबळ होते, तो शब्द मी बदलला आहे. डेस्मोप्रेसिन हे औषध कॅल्शियमऐवजी सायक्लिक एएमपी या पेशीतील दुसऱ्या संदेशवाहकाच्या मार्गाने हाच साठा मोकळा करते, हा आपला दुसरा मुद्दा खरा असला तरी तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

हा विषय मी पुस्तके चाळून निवडलेला नाही. माझ्या भाचीचा घोळणा ओळीने तीन उन्हाळे फुटत राहिला. नागपूरच्या मे महिन्यात नाकातून रक्त आले की उन्हाला दोष देऊन कांदा हुंगवला जातो. आम्हीही तेच केले. तिचा एपीटीटी नॉर्मल होता, आणि तो मी स्वतः केला होता. हाच फॅक्टर कमी पडण्याच्या सौम्य व्हॉन विलेब्रँड आजारात ही चाचणी नॉर्मल येऊ शकते, हे माहीत असूनही मी घरच्या मुलीबाबत पुढची तपासणी सुचवली नाही. पुढच्या, म्हणजे त्रासाच्या चौथ्या वर्षी दात काढल्यावर रक्त थांबेना, तेव्हा निदान झाले.