घरात नास आणला

'आई, घरात एक नास घ्यायचा म्हणतोय,' असं मी बोललो तेव्हा आई गॅसवर दूध तापवत उभी होती, आणि दुधासमोर हा शब्द काढायचा नसतो एवढी अक्कल पन्नाशीच्या माणसाला असायला हवी होती. 'विकत कशाला घेतोस रे, तो आपला आपणच होतोय की,' म्हणत तिनं आधी पातेल्यात वाकून बघितलं. मग मी समजावलं की एन-ए-एस, म्हणजे एक डबा असतो, त्यात हार्डडिस्क, डबा राउटरला जोडायचा आणि घरातल्या कुणीही मोबाईलवर नाहीतर टीव्हीवर त्यातलं गाणं लावायचं. आई म्हणाली, 'म्हणजे सामाईक कपाट.' बरोब्बर. सामाईक कपाटावरून आमच्या घराण्यात आजवर काय काय झालंय ते आठवून मी तिथंच थांबायला पाहिजे होतं.

कारण झालं आप्पांच्या कॅसेटी. शहापुरातलं आमचं घर जुनं, भिंती दोन-दोन फुटी मातीच्या, आणि बेळगावचा पाऊस एकदा मुक्कामाला आला की गणपती झाल्याशिवाय हलत नाही, तर गेल्या पावसाळ्यात माडीवरची ट्रंक उघडली आणि बघतो तर टेपांच्या कडेला पांढरी बुरशी. एकूण २१४ कॅसेटी. निम्म्या धारवाड आणि सांगली आकाशवाणीवरून टू-इन-वनवर भरलेल्या. त्या वेळी दोन घरं सोडून माग चालायचे, त्यामुळे आप्पांच्या संग्रहातला कुठलाही गायक घ्या, साथीला तबला, पेटी आणि खटक-खटक-खटक. एका मालकंसात तर आईचं 'चहा गार होतोय हो' इतकं समेवर आलंय की लहानपणी मी तो बंदिशीचाच भाग समजायचो.

धाकटा भाऊ पुण्यात आयटीत. तो फोनवर म्हणाला, 'दादा, चार बे वाला, म्हणजे चार डिस्क मावतील असा घे, ८ टीबी तरी पाहिजेच, रेड लाव, वर डॉकर टाक, झालं.' मी हं हं केलं. रेड म्हटल्यावर आम्हाला इन्कम टॅक्सची आठवते. मग रात्री जागून व्हिडिओ बघायला लागलो आणि एवढं कळलं की रेड १ म्हणजे दोन डिस्क घालायच्या, एकीवर लिहिलेलं दुसरीवरही लिहिलं जातं, एक मेली तर दुसरी आहे. पुढं सीएमआर आणि एसएमआर, म्हणजे डिस्कवर लिहायच्या दोन पद्धती. हे मात्र मला चटकन समजलं, कारण एसएमआर डिस्कवरचे पट्टे आमच्या घराच्या कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, जागा वाचते, पण मधलं एक कौल बदलायचं तर पुढची रांग उचलून परत बसवायला लागते. आमच्याकडं दर मे महिन्यात हेच चालतं, त्यामुळे पट्टे सुटे-सुटे ठेवणारी सीएमआर डिस्कच घ्यायची हे ठरलं.

खडेबाजारात एका दुकानात विचारलं. 'नास? म्हणजे सीसीटीव्हीचं पायजे काय?' म्हटलं, नाही, गाण्यांसाठी. त्यानं माझ्याकडं नीट बघितलं, आतल्या पोराला हाक मारली, पोरगा कॅमेऱ्याचीच हार्डडिस्क घेऊन आला. 'सेमच असतंय की सर, चोवीस तास चालतंय.' आता ती डिस्क चोवीस तास लिहायला बनवलेली असते हे खरं, पण आमच्या आप्पांचं गाणं चोर येईल म्हणून ऐकत नाहीत हे त्याला कसं सांगायचं.

मग एका रविवारी कागद-पेन घेऊन बसलो, जे खरंतर पहिल्या दिवशी करायचं होतं. कॅसेटी काही साठच्या, काही नव्वदच्या, सगळ्या मिळून साधारण २५० तास. सीडीच्या दर्जानं भरलं तर मिनिटाला १० एमबी. म्हणजे १५० जीबी. फ्लॅक प्रकारच्या फाइलीत केलं तर आवाजाला धक्का न लागता त्याच्या निम्मं, ७५-८० जीबी. परत गुणून बघितलं, तेवढंच. आप्पांचं सगळं आयुष्य, मागासकट, एका १२८ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये बसून वर हात-पाय पसरायला जागा. ८ टीबीत असले शंभर आप्पा मावले असते. भावाला फोन केला तर तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, 'पण दादा, पुढचा विचार कर ना.'

पेनड्राइव्ह आणला असता तर हा लेख इथंच संपला असता. पण तो एका वेळी एकाच्याच खिशात राहणार. म्हणून मधला मार्ग काढला, जुनी डिस्क राउटरच्या यूएसबीत खुपसली. चालली की! खालच्या खोलीत. माडीवर मातीच्या भिंतीनं वायफाय असं गिळलं की आप्पांचा ख्याल विलंबितात सुरू व्हायचा आणि विलंबितातच अडकायचा, आप्पा मात्र डोळे मिटून पुढच्या सुराची वाट बघत बसलेले. 'काय ठेहराव आहे,' म्हणाले एकदा. बफरिंग आहे हे सांगायचं धाडस झालं नाही. वर लाइट गेली की इन्व्हर्टर चालू व्हायच्या आत राउटर बंद पडून परत सुरू. इन्व्हर्टरच्या पाठीमागं यूपीएस मोडचं एक बारकं बटण असतं ते मला सात वर्षांनी सापडलं, धुळीखाली.

शेवटी दोन बे चा डबा आणि ४-४ टीबीच्या दोन डिस्क घेतल्या. दोन असल्या तरी जागा चारचीच मिळते हे आईला सांगितल्यावर ती म्हणाली, 'मग दुसरी कशाला?' डबा आप्पांच्या खोलीत ठेवला, केबल माडीपर्यंत ओढली, कॅसेटी भरायला घेतल्या. २५० तासांच्या कॅसेटी भरायला २५० तासच लागतात, हे भावाला अजून पटलेलं नाही.

आणि मग एका रात्री झोपेत मी चुकीचा फोल्डर डिलीट केला. दुसऱ्या डिस्कनंही तो तितक्याच तत्परतेनं डिलीट केला, आरसाच तो, आपण दाढी काढली की त्यातल्याचीही जाते. अकरा कॅसेटी पुन्हा पहिल्यापासून. तेव्हापासून तिसरी कॉपी एका साध्या डिस्कवर, ती खानापूरला ताईच्या कपाटात, शालूंच्या खाली.

पण हे सगळं सोपं होतं. खरा प्रश्न आला फोल्डर करताना. मी आपलं सरळ 'मराठी', 'कन्नड', 'हिंदी' असे तीन केले. बायको गोकाकची. तिनं मोबाईलवर बघितलं. 'भीमसेन मराठीत कसे? गदगकडचे ते, कन्नड दासरपदं कुणी गायली मग?' आप्पा उठून बसले. 'आणि अभंग? पुण्यात राहिले ना जन्मभर?' बरं, भीमसेनांचं दोन्हीकडं करता येतं, दासरपदं तिकडं, अभंग इकडं, पण कुमार गंधर्व? जन्म १९२४, सुळेभावी, आमच्या इथून बसनं जवळच, नाव शिवपुत्र कोमकाळीमठ, घरात कन्नड, संसार देवासला, गायले निर्गुणी भजनं. आप्पा म्हणाले, 'बालगंधर्वांची पदं गायलेत, मराठीत घाल.' बायको म्हणाली, 'आमचे आहेत ते.' पोरगं म्हणालं, हिंदीत टाका. दोघंही त्याच्यावर तुटून पडले. सीमाप्रश्नावरचा महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, सुप्रीम कोर्टातला दावा २००४ चा, आणि आता आमच्या माडीवर ही तिसरी केस. मी दोन्ही फोल्डरमध्ये शॉर्टकट करून दिला, तर मूळ फाइल कुठं आहे म्हणून दोन्हीकडून चौकशी. 'बिडरी,' म्हणजे सोडा हो, असं म्हणून बायको खाली गेली, पण ज्या सुरात म्हणाली त्यावरून काही सोडलेलं दिसत नव्हतं.

रात्री जेवताना आई म्हणाली, 'भाषेवर कशाला लावतोस? सकाळचं, दुपारचं, संध्याकाळचं, रात्रीचं असं लाव की. मी डबे तसेच लावते, चहाचे वेगळे, जेवणाचे वेगळे.' सगळे गप्प. तोडी सकाळी, सारंग दुपारी, मारवा-यमन संध्याकाळी, मालकंस रात्री, त्यातला आईचा चहाही रात्री. कुमार गंधर्व चारही फोल्डरमध्ये गेले, भीमसेनही गेले, कुणाची काही तक्रार नाही. तासाभरात सगळं लागलं.

मग भैरवी आली. आप्पा म्हणाले, सकाळचा राग, सकाळमध्ये घाल. आई म्हणाली, मैफल संपताना गातात, रात्री शेवटी घाल. बायको, गेल्या पंधरा दिवसांत पहिल्यांदा, आप्पांच्या बाजूनं. भावाला फोन लावला तर तो म्हणतोय, टॅग लाव.

भैरवी सध्या डेस्कटॉपवर पडून आहे.