दोरेने पोलाद कोरलं नाही, पांढरी शाईही फासली नाही

‘एकट्या गुस्ताव्ह दोरेने बायबलमधल्या प्रसंगांची २४१ चित्रं पोलादी पत्र्यावर स्वतःच्या हाताने कोरली, छपाईनंतर उजेडाचे किरण पांढऱ्या शाईने ओढले, आणि असा प्रकाश जगाने प्रथमच पाहिला.’ एकोणिसाव्या शतकातल्या या फ्रेंच चित्रकाराबद्दलचा हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. फिरू दे म्हणून गप्प होते. पण भाचीने तो कलेतिहासाच्या निबंधात जसाच्या तसा उतरवला, तेव्हा डोकं फिरलं.

आधी ती पांढरी शाई. अहो, कागद पांढराच असतो! हे लाकडी ठसे आहेत, बॉक्सवूड नावाच्या कठीण लाकडाच्या आडव्या कापावर कोरलेले. ठशात जेवढं कोरून काढलं तिथे शाई लागत नाही, कागद कोरा राहतो. कोरणारा कोरतो तो उजेड. अंधार म्हणजे हात न लावलेलं लाकूड. महापुराचं चित्र मोठं करून बघा. खडकावर पिल्लांना वाचवू पाहणारी वाघीण, पोरांना वर ढकलणारी बुडती माणसं. उघड्या अंगांवर रेषा विरळ होत होत नुसता कागद उरतो, आणि भोवतीच्या काळोखात केसाएवढ्या पांढऱ्या रेषांनी पाणी हलतं. पोलादी पत्र्यावर हिशोब नेमका उलटा: शाई खाचेत भरते आणि खाच काळी उमटते. म्हणजे पोलादाची गोष्टही गेली.

‘एकट्याने’ हा शब्द मात्र मला सगळ्यात जास्त खुपतो. चित्राचे खालचे कोपरे बघायची तसदी कुणी घेतली असती तर हा मजकूर जन्मालाच आला नसता. एकीकडे दोरेची सही, दुसरीकडे कोरणाऱ्याची: कुठे पिझाँ, कुठे पानमाकेर, कुठे आणखी कुणी. फ्रान्समधल्या तूर शहरातल्या माम या प्रकाशकाने १८६६ साली हे बायबल काढलं, ते अशा कारागिरांच्या फौजेच्या जिवावर. त्यांनी स्वतः सही करून ठेवलेलं काम आपण फॉरवर्ड करता करता पुसून टाकायचं, हे काही बरं नाही.

२४१ या आकड्यावरून भांडत नाही, तो आवृत्तीगणिक बदलतो. आणि हो, त्या उजेडाची कल्पना दोरेचीच, हे मान्य करावं लागेल. तो ठशावर शाईचे पातळ हात आणि पांढरा रंग वापरून थेट चित्र रंगवायचा; छटांचं रेषांत रूपांतर कोरणाऱ्याने करायचं. कोरता कोरता ते मूळ चित्र नाहीसं व्हायचं, त्यामुळे आपण बघतो ते दोघांचं मिळून.

राहिलं ‘प्रथमच’. डच चित्रकार रेम्ब्रांटचं ‘तीन क्रूस’ हे पत्र्यावरून छापलेलं चित्र १६५३ चं आहे. आभाळातून क्रूसावर कोसळणारा उजेड त्यात आहेच. पुढे त्याने तोच पत्रा पुन्हा हातात घेऊन बहुतेक सगळं दृश्य काळोखात बुडवलं. स्वतःच्या हाताने पत्रा खरवडणारा कलावंतच हवा असेल तर फॉरवर्डमध्ये त्याचं नाव घाला. मात्र पोलाद नव्हे, तांबं लिहा.