म्हैस सोडायची, पण कुठं?

नमस्कार. कोल्हापुरातल्या गंगावेशीत, जिथं म्हशीची धार समोरच काढून पेल्यात देतात, त्या दूधकट्ट्याचं मी कौतुक केलं, त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘दावं म्हणजे गुलामगिरी. तिचे गोडवे गाऊ नका, सगळी जनावरं मोकळी सोडा.’ तुमची तळमळ पोचली. सोडून देणं मात्र मला पटत नाही.

आपली पंढरपुरी म्हैस म्हणजे दाजीपूरच्या जंगलातला गवा नव्हे. हजारो वर्षं तिच्या पिढ्या माणसाच्या गोठ्यात गेल्या. तिचे रानटी भाऊबंद भारतात आता मुख्यतः आसामात उरलेत. तिला घाम फार कमी येतो, म्हणून उन्हाळ्यात डुंबायला पाणी लागतंच. आज दावं कापलं तर ती पंचगंगेपर्यंत जाईल, पुढं उसाच्या फडात शिरून काठ्या खाईल आणि रात्री हायवेवर बसेल. अंधारात काळी म्हैस ट्रकवाल्याला दिसणार कधी? याला सुटका म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पैदासच हळूहळू थांबवा, असं तुम्ही म्हणालात तर ती वेगळी आणि जास्त प्रामाणिक भूमिका ठरेल. पण त्यात जनावर मोकळं होत नाही, जातच संपते, हे उघड बोलावं लागेल.

मला खरं डाचतं ते रेडकू. रेडकू जवळ नसलं तरी पान्हा सोडते, दारोदार नेली तरी धार देते, ही पंढरपुरी म्हशीची ख्याती. गवळी अभिमानानं सांगतात. पण रेडकावाचून धार निघते म्हटल्यावर नर रेडकाला पोटभर पाजणार कोण? पारडी उद्या दूध देणार म्हणून जपली जाते. रेडा शेतातही फारसा लागत नाही. तो खंगत जातो किंवा विकला जातो. राज्यात २०१५ पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीला बंदी आहे, रेडा त्यात येत नाही. तुमचा राग इथं लागू पडतो, आणि इथं मी तुमच्या बाजूनं उभा आहे.

पान्ह्यासाठी इंजेक्शन टोचणं तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हाच आहे. दिवाळी पाडव्याला शिंगं रंगवून म्हशी मालकाच्या गाडीमागं पळतात, त्यातला लळा मी मानतो. सायलेन्सर काढलेल्या गाड्यांचा कानठळ्या बसवणारा आवाज मानत नाही.

म्हणून कट्ट्यावर पेला हातात घेताना मी गवळ्याला विचारतो, ‘मामा, हिचं रेडकू कुठं हाय?’ जो दाखवतो त्याच्याकडंच दूध घेतो, आणि चार पैसे जास्त मागितले तर देतो. रेडकाच्या वाट्याचं दूध राखायचं तर ते पैसे कुणीतरी भरायला हवेत.