‘विषाणू साखर खातो’ या शीर्षकावरच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. विषाणूची बाधा झालेली पेशी ग्लुकोज जास्त ओढते आणि त्यातलं बरंचसं ग्लायकोलिसिसने, म्हणजे ऑक्सिजनशिवाय अर्धवट फोडून, वापरते, असं माझ्या लेखात होतं. त्यावर तुमचे आक्षेप दोन: विषाणूला चयापचयच नसतो, मग तो खाईल कसा? आणि ग्लायकोलिसिसमधून एका ग्लुकोजमागे जेमतेम 2 एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) सुटतात, पूर्ण ज्वलनात 30 च्या आसपास. मग ओझं वाढलेली पेशी हा आतबट्ट्याचा व्यवहार का करेल?

पहिला मान्य. खाते ती पेशीच. शीर्षक चटकदार करायच्या नादात घसरलो.

दुसर्‍यात मात्र तुम्ही फक्त ऊर्जेचा हिशेब मांडलाय. घर बांधायला काढलं की सगळं लाकूड चुलीत घालून चालत नाही, वाशांनाही ठेवावं लागतं. सायटोमेगॅलोव्हायरस हा हर्पिस कुळातला विषाणू घ्या. त्याला नवं आवरण हवं, म्हणजे मेद हवा. म्हणून ग्लुकोजपासून बनलेलं सायट्रेट हे संयुग मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, जळत न बसता बाहेर येतं आणि मेदाम्लांच्या कामी लागतं. तिथल्या क्रेब्ज चक्रात, म्हणजे ज्वलनाच्या अभिक्रियांच्या साखळीत, पडलेलं हे भगदाड ग्लुटामिन हे अमिनो आम्ल बुजवतं. ग्लुटामिन काढून घेतलं तर निरोगी पेशी निभावून नेते, बाधित पेशीचं एटीपी मात्र घसरतं. ग्लुकोज आत घेणारा दरवाजासुद्धा हा विषाणू बदलतो: ग्लट-1 कमी, ग्लट-4 जास्त. ग्लट-4 एरवी स्नायू आणि चरबीच्या पेशींचा!

बरंचसं ग्लुकोज लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचं रूप) होऊन बाहेर पडतं, हेही खरं. प्रयोगशाळेत असताना ते डोळ्यांनी दिसायचं. बाधित फ्लास्कमधलं गुलाबी माध्यम शेजारच्या फ्लास्कच्या आधी पिवळट पडायचं. आम्ल वाढलं की माध्यमातला फिनॉल रेड हा दर्शक रंग बदलतो. पण ही निव्वळ उधळपट्टी नाही. लॅक्टेट बनताना एनएडी हा मदतनीस रेणू मोकळा होतो, तो नसेल तर ग्लायकोलिसिसच अडेल.

सगळे विषाणू असेच वागतात असं मात्र मूळ लेखातून वाटलं असेल, तर ती माझी चूक. सायटोमेगॅलोव्हायरसचाच भाऊबंद हर्पिस सिम्प्लेक्स मेदापेक्षा न्यूक्लिओटाइडांच्या, म्हणजे डीएनएच्या विटांच्या, मागे लागतो. डेंग्यू तर पेशीतले साठवलेले मेदाचे थेंब फोडायला लावतो.

राहिली तुमची भीती, की लेख वाचून लोक तापात साखर बंद करतील. करू नये. जेवण थांबलं तरी यकृत रक्तातलं ग्लुकोज सांभाळतंच, उपाशी राहतो तो रुग्ण. 2021 च्या मे महिन्यात डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या 2-डीजी या औषधाच्या पुड्यांना कोविडसाठी आपत्कालीन मंजुरी मिळाली, त्यामागे कल्पना वेगळी होती: ग्लुकोजचा तोतया पेशीत शिरतो आणि ग्लायकोलिसिसमध्येच अडकतो. अडचण ही, की तो निरोगी पेशींतही शिरतो, मेंदूच्याही.

शीर्षक आज बदललं आहे.