संध्याकाळी परत हॉटेलात

"हॉटेलात राहून ट्रेक? त्यापेक्षा महाबळेश्वरची सहल म्हण की सरळ!"

इटलीतल्या डोलोमाइट्स डोंगरांचे फोटो आमच्या जुन्या ट्रेकिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले, तेव्हा आलेलं हे पहिलं उत्तर. लिहिणारा माझा तीस वर्षांपासूनचा मित्र. राजगडावर पद्मावतीच्या देवळात एका सतरंजीत चौघं कुडकुडलेलो आहोत आम्ही, त्यामुळे त्याला काहीही बोलायचा हक्क आहे. त्याच्याखाली सात जणांनी हसणारे चेहरे टाकले. त्या सातातल्या पाच जणांनी गेल्या दहा वर्षांत पर्वतीसुद्धा चढलेली नाही. ते ग्रुपवर लिहिलं नाही, इथे लिहितेय.

तर, दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात मी आणि नवरा उत्तर इटलीतल्या व्हाल गार्देना खोऱ्यात आठवडाभर राहून आलो. मुलगी इंग्लंडमध्ये असते, तिनंच एका इंग्रज चालणाऱ्या मंडळींच्या गटात आमची नावं घातली. सेल्वा नावाच्या गावात एकच हॉटेल, सात रात्री. रोज सकाळी न्याहारी करून गाइडबरोबर बाहेर पडायचं, दिवसभर डोंगरात चालायचं, संध्याकाळी परत त्याच खोलीत. पाठीवर फक्त पाणी, खाऊ, जाकीट आणि रेनकोट.

खरं सांगायचं तर हे ऐकून मीही नाक मुरडलं होतं. आपल्याकडे ट्रेक म्हणजे आधी हाल. शुक्रवारी रात्रीची शेवटची एसटी, पहाटे तीनला कुठल्यातरी शाळेच्या ओसरीवर आडवं होणं, पिठलं-भाकरी, घामाचे कपडे तसेच दुसऱ्या दिवशी अंगात. जितके हाल जास्त तितका ट्रेक भारी. मी स्वतः वर्षानुवर्षं हेच मोजमाप लावत आले. पण या मोजमापात न बसणारी माणसं गुपचूप गळत जातात, हे मला फार उशिरा कळलं, तेही घरातच.

नवऱ्याच्या उजव्या गुडघ्यातली गादी फाटून बरीच वर्षं झाली. चढतो ठीक, उतरताना दुखतं. कॉलेजात असताना मला हरिश्चंद्रगड दाखवणारा हा माणूस. गुडघ्यानंतर दोन ट्रेकना आला, दोन्ही वेळा सगळे त्याच्यासाठी थांबले, दोन्ही वेळा कुणी काही बोललं नाही. त्यानंतर तो आलाच नाही. मी जात राहिले. रविवारी रात्री मी घरी येणार, तो खिचडी टाकून ठेवणार, मी फोटो दाखवणार. बारा वर्षं असं चाललं.

सेल्वातल्या हॉटेलात पहिल्याच संध्याकाळी जेवणाआधी सगळ्यांना बसवून गाइडनं दुसऱ्या दिवसाचे तीन रस्ते समजावून सांगितले. एक सोपा, एक मधला, एक अवघड. प्रत्येकाचे तास किती, चढ किती मीटर, उतार किती मीटर, वाट मातीची की घसाऱ्याची, म्हणजे सुट्या दगड-चुऱ्याची. उतार वेगळा सांगतात, हे ऐकून नवरा सावरून बसला. मग दाराशी एक कागद, तीन रकाने, दोरीला बांधलेली पेन्सिल. आपल्याला झेपेल त्या रकान्यात नाव लिहायचं. आदल्या दिवशी अवघड वाटेनं गेलेले एक सत्तरीचे आजोबा दुसऱ्या दिवशी सोप्या रकान्यात नाव टाकून मोकळे. कुणी "काय हो, आज दमलात का" म्हणून विचारलं नाही. आपल्याकडे हा प्रश्न विचारल्याशिवाय माणसाला चहा उतरत नाही.

तिसऱ्या दिवशीचं सांगते. खोऱ्याच्या डोक्यावर सास्सोलुंगो नावाचा ३१८१ मीटरचा सुळक्यांचा पुंजका आहे. सेल्ला खिंडीतून त्याच्या मधल्या खाचेत जायला घसाऱ्याची वाट आहे, साडेचारशे-पाचशे मीटरची चढण. सिंहगडाहून कमीच, पण पायाखाली सगळा सुटा चुरा. दोन पावलं वर, एक पाऊल मागे. त्याच खाचेत जायला तेव्हा एक जुनी लिफ्टही होती. लिफ्ट म्हणजे उभ्यानं दोन माणसं कशीबशी मावतील अशी डबी. ती थांबायची नाही. आपण पळत जाऊन चढायचं, मागून एक माणूस ढकलायचा आणि दार लावायचा.

मी चालत निघाले. नवरा मधल्या गटाबरोबर डबीत. दीड तासानं वर पोचले तर सुमारे २६८० मीटरवर, दोन कड्यांच्या बेचक्यात बसवलेल्या त्या चिमुकल्या निवाऱ्यात हा खिडकीशी सूप पीत बसलेला. नाक थंडीनं लाल झालेलं. म्हणाला, "अगं, किती वेळ? मी दुसरा बाऊल मागवला." आम्ही दोघं एका डोंगरावर, एका उंचीवर, बारा वर्षांनी. मग मी पलीकडच्या बाजूनं उतरून गेले, तो डबीतून खाली गेला. रात्री जेवताना त्यानं मला खालच्या दगडांच्या राशीतल्या वाटा सांगितल्या, मी त्याला पलीकडच्या दरीतला बर्फाचा तुकडा सांगितला. खिचडी टाकून कुणी कुणाची वाट बघत नव्हतं.

हॉटेलातून रोजच्या रोज चालण्याचा खरा फायदा मला इथे दिसला. मऊ गादी आणि गरम शॉवर हेही आहेच, साठीच्या उंबरठ्यावर ते मी नाकारणार नाही. पण मुक्काम एकाच जागी असला की सगळ्यांनी एकाच वेगानं एकाच ठिकाणी पोचायची सक्ती उरत नाही. मुक्काम पुढे सरकणारा असेल तर सगळ्यात हळू माणूस हा गटाचा प्रश्न होतो. तोच मुक्काम स्थिर असेल तर तो फक्त वेगळ्या वाटेनं गेलेला माणूस असतो.

दुसरा फायदा पाचव्या दिवशी कळला आणि त्या दिवशी मी चिडले होते. पिझ बोए, ३१५२ मीटर. तीन हजारांच्या वरचं शिखर माझ्या नावावर लागणार म्हणून रात्री झोप नव्हती. पोर्दोई खिंडीतून केबल कारनं २९५० मीटरपर्यंत जाता येतं, तिथून पुढे पठारावरून चाल. शिखरावरची झोपडी दिसत होती. गाइडनं पश्चिमेकडे बघितलं, घड्याळ बघितलं, म्हणाली, परत फिरू. ढग होते, पण पांढरे, कापसासारखे. मी वाद घातला. सह्याद्रीत तीस पावसाळे काढलेत, ढग मला कळतात, वगैरे. तिनं ऐकून घेतलं आणि पाठ फिरवून चालू लागली.

आता गोष्टीत इथे वीज पडायला हवी. नाही पडली. दुपारभर लख्ख ऊन होतं. हॉटेलच्या बाल्कनीत बसून मी ते निळं आभाळ बघत दात-ओठ खात होते. संध्याकाळी तिला म्हटलं, काहीच तर झालं नाही. ती म्हणाली, "हो, आज नाही झालं. परवा जाऊ." आणि परवा गेलो. पाच युरोची कॉफी घेतली तिथे शिखरावर, इतकी वाईट कॉफी मी कधी प्यायले नाही.

"परवा जाऊ" म्हणता येणं ही केवढी मोठी चैन आहे. पुढच्या मुक्कामी बॅगा पोचलेल्या असतात, तंबू लागलेले असतात, पैसे भरलेले असतात, तेव्हा परत फिरायला लीडरला वाघाचं काळीज लागतं. आपल्याकडचे किती लीडर मनातून परत फिरायचं म्हणत असताना लोकांच्या तोंडाकडे बघून पुढे गेलेत, हे मला माहीत आहे, कारण एकदा मीच तशी लीडर होते. त्या वेळी निभावलं. त्या प्रसंगाबद्दल पुन्हा कधीतरी.

आमची ही गाइड त्याच खोऱ्यातली. तिची मायबोली लादिन. जेमतेम तीसेक हजार लोक बोलतात, पण शाळेत शिकवतात आणि रस्त्यावरच्या पाट्यांवर दिमाखात असते. पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख ऑस्ट्रियाचा, नंतर इटलीकडे आला. त्यामुळे शेजारच्या एकाच गावाला इटालियनमध्ये ऑर्टिझेई, जर्मनमध्ये सांक्ट उलरिख आणि लादिनमध्ये उर्तिजेई. डोंगरातल्या पाट्यांवर मात्र किलोमीटर नसतात, वेळ असते. अमुक झोपडी, सव्वा तास. आपल्या गावातले मामा "हे काय, अर्ध्या तासावर" म्हणतात आणि आपण अडीच तास चालतो, तसं नाही. सव्वा तास म्हणजे सव्वा तासच. थोडी गंमत जाते, पण गुडघ्याला हिशेब लागतो.

आणि दगड! आपला सह्याद्री लाव्ह्याचा, काळाकभिन्न, साडेसहा कोटी वर्षांचा. हा दगड फिका, जवळजवळ पांढुरका, वीस कोटी वर्षांहून जुना, उथळ समुद्रातल्या प्रवाळांचा आणि चिखलाचा. संध्याकाळी सूर्य उतरला की तो आधी केशरी, मग गुलाबी, मग जांभळट होतो. त्या रंगाला लादिनमध्ये स्वतंत्र शब्दच आहे, एनरोसादिरा. आम्ही तो रोज बाल्कनीतून, पाय कोमट पाण्याच्या बादलीत बुडवून बघितला. (बादली हॉटेलच्या बाईंकडून मागून घेतली. त्यांनी दोनदा विचारलं, कशासाठी.)

तक्रारी आहेत. पैसा बक्कळ लागतो, त्यात काही लपवण्यासारखं नाही. न्याहारीच्या टेबलावर "इथून सँडविच करून नेऊ नये" अशी सुबक पाटी होती, ती वाचून सगळं पुणं माझ्या आत हळहळलं. दुपारसाठी मग नवऱ्यानं आणलेले डिंकाचे लाडू. शाकाहारी माणसानं तिथला क्नॉडेल नावाचा पावाचा उकडलेला गोळा मागवताना त्यात स्पेक, म्हणजे धुरावलेलं डुकराचं मांस, नाही ना हे विचारून घ्यावं. पालकाचा मिळतो, छान लागतो. डोंगरउतारांवर स्कीइंगसाठी केलेले पट्टे उन्हाळ्यात ओरखड्यांसारखे दिसतात. आणि गर्दी. सेचेदा नावाच्या कड्यावर फोटोसाठी इतके लोक लोटतात की २०२५ च्या उन्हाळ्यात जमीनमालकांनी वाटेवर ५ युरोचं फिरतं फाटकच बसवलं. हरिहर गडाच्या पायऱ्यांवरची रविवारची रांग आठवली.

"श्रीमंतांचे चोचले" असंही एकानं लिहिलं होतं. त्याच्यासाठी एक गोष्ट. जेवणाच्या टेबलावर शेजारच्या इंग्रज बाईंनी सांगितली, मग मीही वाचली. इंग्लंडात लँकशरमधल्या कोन गावात टी. ए. लेनर्ड नावाचा एक पाद्री होता. गाव कापड गिरण्यांचं. वर्षातून एकदा गिरण्या बंद राहायच्या आणि कामगार समुद्रकाठच्या गावी जाऊन साठवलेले पैसे उडवून यायचे. लेनर्डनं १८९१ मध्ये आपल्या गावातल्या काही जणांना लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरात चार दिवस चालायला नेलं. त्यातून पुढे १८९३ मध्ये स्वस्तातल्या सुट्ट्यांची सहकारी संस्था उभी राहिली. एका घरात मुक्काम, रोज वाटाड्याबरोबर चाल, संध्याकाळी सगळे एकत्र. म्हणजे ही पद्धत रुजवली ती गिरणगावानं. माझे आजोबा लालबागला गिरणीत होते. गिरणीचा भोंगा वाजला की थेट गणपतीला कोकण, दुसरी सुट्टी त्यांना ठाऊक नव्हती. हे ऐकताना तेच डोळ्यांसमोर येत होते.

आता माझं म्हणणं. हे आपल्याकडे का नाही? डोलोमाइट्सला जायची गरजच नाही. माथेरान घ्या. दस्तुरी नाक्यापुढे गाड्या बंद, म्हणजे अर्धं काम आधीच झालेलं. सोप्या रकान्यात शार्लट लेक, एको पॉइंट, लुईझा. सगळी लाल मातीची, झाडाखालची वाट. मधल्यात गार्बट पॉइंट. अवघडात पेबचा किल्ला किंवा वन ट्री हिलजवळून शिवाजी लॅडर उतरून परत चढणं. वाटाड्ये शोधायलाही लांब जायला नको, पायथ्याच्या वाड्यांमधली माणसं रोज कामाला वर चढून येतात, त्यांच्याइतक्या वाटा कुणाला माहीत असणार? त्यांना दिवसाची नीट मजुरी द्यावी. आणि तो कागद, तीन रकाने, दोरीची पेन्सिल. एवढंच तर लागतं.

म्हणून मी गेल्या महिन्यात तिथल्या एका हॉटेलात फोन केला. सहा माणसं, जानेवारीत चार रात्री, सकाळी सातला बाहेर पडणार, बरोबर पोळी-भाजीचे डबे हवेत.

"मॅडम, नाश्ता साडेआठला सुरू होतो. साइटसीइंगला घोडे देतो ना."

घोडे नकोत, चालणार आहोत.

"सगळे पॉइंट एका दिवसात होतात मॅडम. चार दिवस काय करणार?"

तिसऱ्या हॉटेलातले मॅनेजर तयार झाले. वयस्कर असावेत. साडेसहाला पोहे आणि चहा, डब्यात पोळी, बटाट्याची भाजी, लसणाची चटणी. दर ठरला, ॲडव्हान्स पाठवला. नवऱ्यानं फोनवरचं सगळं ऐकत सोप्या रकान्यात स्वतःचं नाव लिहूनसुद्धा टाकलं. हसणारा चेहरा टाकलेल्यांपैकी दोघांनी, ग्रुपवर नाही, खासगीत विचारलंय, जागा आहे का.

फोन ठेवता ठेवता मॅनेजर म्हणाले, "एक विचारू का ताई? दिवसभर एवढं चालणार आणि संध्याकाळी परत इथंच येणार?"

हो.

"मग जाता कशाला?"

मी म्हटलं, गरम पाणी पाचला लागेल. आणि दोन बादल्या जास्तीच्या ठेवा.